निवती ते ग्रँट रोड

तोंडवलीचा किनारा दक्षिणेला तळाशीलपर्यंत जातो आणि तिथे जमीन संपते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, मधे माडांची आणि वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीच्या मुखापलीकडे सर्जेकोट. आत खाडीच्या दोन काठांवर भरतगड आणि भगवंतगड एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. एवढ्याशा टापूत इतके कोट का, याचं उत्तर सरळ आहे: कोल्हापूरकर छत्रपती आणि सावंतवाडीचे सावंत या किनाऱ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडत होते. १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांनी सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांच्या हवाली केले. पेशवाई बुडायला अजून सहा वर्षं होती, पण तळाशीलच्या समोर, खाडीपलीकडे, कंपनीचा अंमल सुरू झालेला होता.

पुढच्या साठेक वर्षांत मराठी मुलखाच्या वाट्याला एका आडनावाची माणसं पुन्हा पुन्हा येत राहिली. एक सेनापती, एक इतिहासकार, एक न्यायाधीश, एक गव्हर्नर, एक प्रिन्सिपॉल. आडनाव ग्रँट. स्कॉटलंडच्या उत्तरेला, डोंगराळ भागात, स्पे नदीच्या खोऱ्यात या कुळाचं मूळ. मुंबईला गेलेल्या प्रत्येक कोकणी माणसाने हे नाव उच्चारलेलं असतं, कारण ते स्टेशनवर आहे आणि ज्या कॉलेजाच्या आवारात जे. जे. रुग्णालय आहे त्या कॉलेजाच्या पाटीवर आहे. ते नाव एकाच माणसाचं असावं असं बहुतेकांना वाटतं. मला मात्र या सगळ्या ग्रँटांकडे एकत्र पाहावंसं वाटतं, आणि त्याहून जास्त, त्यांना मराठी माणसांनी काय उत्तर दिलं त्याकडे.

ही माणसं इतकी का आली हे आधी सांगायला हवं. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक राज्य झाले. डोंगराळ भागातल्या जमीनदार घराण्यांकडे नाव होतं, तलवार होती, पण जमिनीत पिकत फार थोडं. धाकट्या मुलांनी जायचं कुठे? १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याची बाजू घेणारे डोंगरी सरदार कायमचे मोडले. त्या लढाईत अलेक्झांडर ग्रँट नावाचा एक माणूस हरणाऱ्या बाजूने लढला होता. लढाईच्याच दिवशी त्याला मुलगा झाला, चार्ल्स. हा बंडखोराचा पोर पुढे बंगालमध्ये कंपनीच्या चाकरीत चढत गेला आणि १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. हिंदुस्थानातल्या लोकांना इंग्रजी शिकवावं, पाद्र्यांना मोकळीक द्यावी, असा आग्रह धरणारा ग्रंथ त्याने १७९२ मध्येच लिहून ठेवला होता. कंपनीतल्या नेमणुका वाटण्याचं काम अशा माणसांच्या हाती आलं, आणि स्कॉटलंडच्या डोंगरातून मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडे तरुणांची रीघ लागली. मुंबईच्या गव्हर्नरांत एल्फिन्स्टन आणि माल्कम पाठोपाठ आले, दोघेही स्कॉटिश.

मालवणच्या किनाऱ्यावर जो ग्रँट स्वतः फौज घेऊन उतरला, तो जन्माने ग्रँट नव्हता. मूळचा विल्यम कीर. ग्रँट हे नाव त्याने नंतर धारण केलं. आपल्या किनाऱ्यावर आला तेव्हा तो सर विल्यम ग्रँट कीर म्हणून ओळखला जात होता. युरोपात १७९४ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या एका घोडदळाच्या हल्ल्यात त्याने नाव कमावलं होतं आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून मानचिन्ह मिळवलं होतं. १८१७-१८ च्या शेवटच्या मराठे-इंग्रज युद्धात तो गुजरातकडच्या फौजेचा सेनापती होता.

सावंतवाडीत त्या वेळी दुर्गाबाईंचा कारभार होता. ही बाई हट्टी आणि धीट होती. कोल्हापूरकरांनी घेतलेला भरतगड तिने आपल्या बळावर परत जिंकला होता. कोल्हापूरशी तह झालेल्या इंग्रजांनी ‘भरतगड सोडा’ म्हणून सांगितलं तर तिने दाद दिली नाही, आणि १८१३ मध्ये त्यांना त्यासाठी फौज पाठवावी लागली. मसुऱ्याच्या त्या गडाखालून खाडी वाहते ती तोंडवलीच्या पाठीमागूनच समुद्राला मिळते. म्हणजे हा सारा झगडा गावाच्या परसदारी चालला होता. पेशवाई संपल्यावरही वाडीकर सरदारांचे हल्ले कंपनीच्या नव्या मुलखावर चालू राहिले. मग १८१९ च्या फेब्रुवारीत ग्रँट कीर आला. निवतीचा किल्ला आधी पडला, मागोमाग रेडीचा यशवंतगड. त्याच महिन्यात झालेल्या तहाने वाडीकरांनी दोन्ही किल्ले आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची सगळी समुद्रपट्टी इंग्रजांना दिली. मालवण आधीच गेलं होतं. आता विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत मराठी निशाणाचं एकही लढाऊ गलबत समुद्रात उतरू शकत नव्हतं.

वर्ष संपायच्या आत हाच सेनापती सुमारे तीन हजार माणसं घेऊन इराणच्या आखातात गेला. डिसेंबर १८१९ मध्ये त्याने रास अल-खैमा घेतलं, आणि १८२० च्या जानेवारीत तिथल्या शेखांशी जो करार केला त्यातून आखाताच्या राजकारणाला शंभरावर वर्षं टिकलेलं वळण लागलं. मला या दोन मोहिमा एकत्र पाहाव्याशा वाटतात. इंग्रजांच्या दप्तरात मालवणच्या दर्यावर्दींना चाचे म्हटलेलं आहे, आणि आखातातल्या अरबांनाही चाचेच. आमच्या बाजूने पाहिलं तर सिंधुदुर्गाच्या गलबतांवरचे गाबीत आणि भंडारी आपल्या राजाच्या चाकरीत होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने परवाना दाखवावा हा दंडक शिवाजी महाराजांच्या आरमारापासून चालत आला होता, आणि तसा परवाना पोर्तुगीजही मागत. लूटमार झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं आरमार जिंकलं त्याची वसुली कर ठरली आणि ज्याचं हरलं त्याची चाचेगिरी ठरली. लढाऊ गलबतांवरच्या त्या माणसांची नातवंडं-पणतवंडं पुढे रापण ओढत, मालाची गलबतं मुंबईला नेत, आणि गिरण्या निघाल्यावर त्यांच्या खात्यांत राबत राहिली.

किनारा असा शांत होत असताना घाटावर साताऱ्याला दुसरा एक ग्रँट राजवाड्यातली दप्तरं उलगडत बसला होता. जेम्स ग्रँट, जन्म १७८९, बान्फ गावचा. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी मुंबईच्या पलटणीत आला, पुण्यात एल्फिन्स्टनच्या हाताखाली तयार झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टी. आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं गेलं आणि राज्य सांभाळायला म्हणून जेम्स ग्रँटला नेमण्यात आलं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा कप्तान आणि त्याच्याहून लहान राजा. ग्रँटने राजाला कारभार शिकवला, हिशेब तपासायला शिकवलं, आणि १८२२ मध्ये अधिकार त्यांच्या हाती सोपवले. दोघांत खरा स्नेह होता असं दिसतं.

त्या चार वर्षांत त्याने जे जमवलं ते आजही थक्क करणारं आहे. राजवाड्यातले कागद, पेशव्यांचं दप्तर, देवस्थानांच्या आणि सरदार घराण्यांच्या सनदा, बखरी, मुंबई सरकारच्या फायली, गोव्यातले पोर्तुगीज कागद. कचेरीचं काम संपवून रात्री जागत तो हे वाचत असे. तब्येत ढासळली, डोकेदुखीने तो हैराण झाला आणि मायदेशी परतला. तिथे आईकडून इस्टेट मिळाली तेव्हा डफ हे तिच्या घराण्याचं नाव त्याने आपल्या नावामागे जोडलं, आणि ग्रँट डफ म्हणून तो आपल्याला माहीत झाला. पुस्तक छापायला लंडनच्या एका बड्या प्रकाशकाकडे गेला तर प्रकाशक म्हणाला, मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असं काही नाव द्या, मराठ्यांचं नाव इथे कुणाला ठाऊक आहे? ग्रँट डफने नाव बदललं नाही. १८२६ मध्ये तीन खंड निघाले, आणि त्यात त्याने स्वतःचे बरेच पैसे घालवले. या माणसाशी पुढे मराठी अभ्यासकांनी दीड शतक वाद घातला. त्याने पुस्तकाच्या कपाळावर मराठ्यांचंच नाव ठेवायचा हट्ट धरला हे त्या वादातही विसरू नये असं मला वाटतं. पुढे त्याला झालेल्या मुलाचं नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं. तो मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

न्यायाधीश ग्रँटची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, पण ती वगळता येणार नाही. सर जॉन पीटर ग्रँट, स्पे खोऱ्यातल्या रॉथीमर्कसचा जमीनदार, पार्लमेंटचा सभासद. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. १८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून आला. वर्षाच्या आत त्याचे दोन्ही सहकारी, सर एडवर्ड वेस्ट आणि सर चार्ल्स चेंबर्स, मरण पावले आणि कोर्टात तो एकटा उरला. त्यातच पुण्याच्या एका सरदार घराण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाचं प्रकरण आलं. मुलगा पांडुरंग रामचंद्र या आपल्या वडीलधाऱ्या पालकाच्या ताब्यात होता; नातलगांनी कोर्टात अर्ज केला की त्याला अडकवून ठेवलंय. ग्रँटने हुकूम काढला: मुलाला माझ्यासमोर हजर करा. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश नावाच्या कैद्याबद्दलही असाच हुकूम निघाला होता. गव्हर्नर माल्कमने ठाम सांगितलं की पुणे आणि ठाणे कंपनीच्या अदालतींखाली आहेत, राजाच्या कोर्टाचा तिथे संबंध नाही, हुकूम बजावला जाणार नाही.

प्रश्न एका मुलापुरता नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्याने अन्याय केला तर मुंबई बेटाबाहेरच्या माणसाने, पुण्याच्या ब्राह्मणाने, ठाण्याच्या कैद्याने, मालवणच्या गाबिताने, कंपनीच्याच अदालतीत दाद मागायची की त्याच्या वरही कुणी आहे? ग्रँट मागे हटला नाही. १ एप्रिल १८२९ ला त्याने कोर्टच बंद केलं. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड एलेनबरोने माल्कमला खासगी पत्रात लिहिलं की नव्या दोन न्यायाधीशांच्या मधे हा गडी दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीसारखा चालेल. ते पत्र वर्तमानपत्रांत फुटलं आणि मोठा गहजब झाला. प्रिव्ही कौन्सिलने निकाल ग्रँटच्या विरुद्ध दिला. तो मुंबई सोडून कलकत्त्याला गेला, पुढे तिथे पुन्हा न्यायाधीश झाला आणि १८४८ मध्ये परतीच्या प्रवासात जहाजावर वारला. कायद्याच्या काटेकोर अर्थाने तो चुकला असेल. मला मात्र त्या भांडणात त्याचीच बाजू माणसाच्या जवळची वाटते. त्याच्याबरोबर आलेली मुलगी एलिझाबेथ हिचं मुंबईतच एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न झालं. तिच्या आठवणींचं पुस्तक स्कॉटलंडमध्ये आजही आवडीने वाचलं जातं.

आता पाटीवरचा ग्रँट. सर रॉबर्ट ग्रँट हा कलोडनच्या दिवशी जन्मलेल्या त्या चार्ल्सचा मुलगा. बंगालमध्ये जन्मला, केंब्रिजला शिकला, वकील आणि पार्लमेंटचा सभासद झाला. ज्यूंना इंग्लंडमध्ये समान नागरी हक्क मिळावेत म्हणून १८३० आणि १८३३ मध्ये पार्लमेंटात विधेयकं त्याने आणली. ती तेव्हा मंजूर झाली नाहीत, पण आमच्याच कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांच्या प्रांतात हा माणूस गव्हर्नर म्हणून यावा, हा योग मला महत्त्वाचा वाटतो. तो भजनंही लिहीत असे, आणि त्यातलं एक जगभरच्या चर्चांमधून अजून गायलं जातं. मार्च १८३५ मध्ये तो मुंबईला आला. त्याच्या कारकिर्दीतलं सगळंच उजळ नव्हतं. ज्या प्रतापसिंह महाराजांना एका ग्रँटने गादीवर बसवून कारभार शिकवला, त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून चौकशी समिती नेमली ती या ग्रँटच्या सरकारने, १८३६ मध्ये. महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं ते पुढच्या गव्हर्नरने, कार्नाकने. पण घसरण सुरू झाली होती ती आधीच. महाराजांसाठी रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालून मागितलेला न्याय त्यांना मिळाला नाही, आणि महाराज १८४७ मध्ये काशीत वारले.

तरीही रॉबर्ट ग्रँटचं नाव टिकलं ते एका शाळेच्या कल्पनेमुळे. एतद्देशीयांना वैद्यकी शिकवायचा एक प्रयत्न मुंबईत १८२६ मध्ये सुरू होऊन १८३२ मध्ये बंद पडला होता. इथल्या मुलांना हे जमणार नाही, असा निष्कर्ष काढून फाईल मिटवली गेली होती. ग्रँटने ती पुन्हा उघडली. चार्ल्स मोरहेड या तरुण डॉक्टराला हाताशी धरून त्याने मुलखभरच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली: वैद्य कोण आहेत, काय औषधं देतात, शिकायला मुलं मिळतील का. शिक्षण इंग्रजीत आणि पक्क्या पायावर द्यायचं ठरलं. ९ जुलै १८३८ ला तो दापोडीला अचानक वारला. पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला पुरलं. लोकांनी जमवलेला स्मारकनिधी आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या मोठ्या देणगीचं रुग्णालय अशी दोन कामं शेजारी शेजारी उभी राहिली, आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं.

‘इथल्या मुलांना जमणार नाही’ याचं उत्तर सहा वर्षांत मिळालं. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. गाव पेडण्यातलं मांद्रे, म्हणजे तेरेखोलच्या अगदी पलीकडे. मालवणी बोलीच्याच पट्ट्यातलं. गरिबीत वाढलेला हा मुलगा डॉक्टर झाला, गरिबांवर फुकट उपचार करू लागला, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिला, मुंबईचा शेरीफ दोनदा झाला. शिलालेख वाचणं, नाणी जमवणं, कालिदासाचा काळ ठरवणं, ही कामं त्याने रोगी तपासता तपासता केली. त्याच तुकडीतले आत्माराम पांडुरंग तर्खडकर पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. प्लेगच्या साथीत हाफकिनने आपली लस याच कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. कोकणातल्या घरांत अजून दुखणं हाताबाहेर गेलं की ‘जे.जे.त न्हेल्यानी’ एवढंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आगबोटीच्या दिवसांत तर मालवण बंदरातून निघालेला रोगी भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट तिथेच नेला जाई.

रॉबर्ट ग्रँटच्याच नावाचा रस्ता गिरगावच्या वरच्या अंगाला झाला. त्या रस्त्यावर जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये नाट्यगृह उभं राहिलं आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी आपली नाटकं तिथे मुंबईकरांना दाखवली. १८६४ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून येणारी रेल्वे ग्रँट रोडपर्यंत येऊन थांबली. तेव्हा तेच शेवटचं स्टेशन होतं. आमच्या गावांकडचे चाकरमानी गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोडच्या चाळींतून दाटीने राहिले. गावाकडची मनिऑर्डर तिथून निघे.

आणि शेवटचा ग्रँट, ज्याच्यामुळे पहिल्या पिढीचं भांडण दुसऱ्या पिढीत जाऊन पोचलं. सर अलेक्झांडर ग्रँट, जन्म १८२६, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा जाणकार संपादक. १८६० मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला आला, १८६२ मध्ये प्रिन्सिपॉल झाला, पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू आणि १८६५ पासून शिक्षणखात्याचा डायरेक्टर. शिकवण्यात तो फार मोठा होता. पोरांना घोकायला न लावता विचार करायला लावत असे. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्यांदा मिळाली ती १८६२ मध्ये, आणि त्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते, आणि मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

भांडारकरांचा जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७. वडील महसूल खात्यात कारकून. इंग्रजी शिकायला मुलाला रत्नागिरीला जावं लागलं, कारण मालवणला इंग्रजी शाळा नव्हती. तिथून एल्फिन्स्टन. सिंधुदुर्गाच्या समोर वाढलेला हा मुलगा इंग्रजी अंमल बसल्यावर पंचवीस वर्षांनी जन्मलेला. त्याच्या आजोबांच्या पिढीने सिंधुदुर्गावरचं निशाण बदलताना पाहिलं होतं.

रानड्यांची गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवलीय. विद्यार्थिदशेत त्यांनी एक निबंध लिहिला आणि मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी केली. तुलनेत मराठ्यांचं पारडं जड होतं. अलेक्झांडर ग्रँटने त्यांना बोलावून घेतलं आणि समज दिली, की जे सरकार तुला शिकवतं, तुझ्या लोकांचं भलं करतं, त्याला नावं ठेवू नयेत. आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद ठेवली. विचार करायला शिकवणाऱ्या गुरूने विचार केल्याबद्दल दिलेली ही शिक्षा होती. रानड्यांनी ती सोसली. ग्रँटविषयी त्यांचा आदर कमी झाला नाही, आणि मतही बदललं नाही.

त्या काळच्या शाळांत मराठ्यांचा इतिहास कोणता शिकवत? ग्रँट डफचाच. कॅप्टन डेव्हिड केपनने १८३० च्या सुमारास त्याचं मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने काढलं होतं आणि पोरं ते पाठ करत होती. आपल्या पणज्यांचा इतिहास मराठी मुलं एका स्कॉटिश कप्तानाच्या नजरेने वाचत होती. पहिला आवाज उठला तो एका विद्यार्थ्याचा. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहिली. म्हणणं असं की या माणसाने लढाया आणि तह लिहिले, पण लोक कसे राहत होते, राज्य कसं चालत होतं, धर्म काय होता, हे लिहिलं नाही. आणि जे कागद त्याला पाहायला मिळाले ते पुरते वापरले नाहीत. वय जेमतेम विशीच्या आसपास, पण मराठी इतिहाससंशोधनाची सुरुवात आपण त्या निबंधापासूनच मोजतो.

भांडारकरांनी उत्तर दिलं ते वेगळ्या वाटेने. अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचा डायरेक्टर असताना ते रत्नागिरी हायस्कुलात हेडमास्तर होते आणि संस्कृत शिकवायची नवी पुस्तकं तयार करत होते. पुढे ताम्रपट आणि शिलालेख वाचून, पुराव्यावाचून एक पाऊल न टाकता, त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. तो १८८४ मध्ये सरकारी गॅझेटिअरमध्ये आला. त्याच वर्षी एडिंबरोत, तिथल्या विद्यापीठाचा प्रमुख असताना, अलेक्झांडर ग्रँट वारला. १८९३ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या नंतर, भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ग्रँट जिथे बसला होता त्याच खुर्चीवर, तीस वर्षांनी, मालवणच्या कारकुनाचा मुलगा. हे दृश्य त्याच्या गावातल्या किती लोकांना माहीत आहे, असं मला नेहमी वाटतं. मालवणात सिंधुदुर्ग पाहायला येणाऱ्याला भांडारकरांचं नाव कुणी सांगावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रानडे न्यायमूर्ती झाले, हायकोर्टात बसले, आणि आयुष्याच्या अखेरीस त्या बंद पडलेल्या शिष्यवृत्तीच्या निबंधाकडे परतले. मराठ्यांच्या सत्तेचा उदय या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये आलं. त्यात त्यांनी वाद घातला तो थेट ग्रँट डफशी. सह्याद्रीच्या रानात वाळलेल्या पाल्याला ठिणगी लागून वणवा पेटावा तशी मराठ्यांची सत्ता योगायोगाने भडकली, ही ग्रँट डफची कल्पना. रानडे म्हणाले, योगायोग नव्हता. आधी दोनशे वर्षं संतांनी जमीन तयार केली होती, लोकांत एकी आली होती, राज्य त्या मुळांतून उगवलं. हे पुस्तक आज वाचताना काही ठिकाणी ते फार भाबडं वाटतं, संतांवर राजकारणाचा भार जास्त टाकलाय असंही वाटतं. पण एका विद्यार्थ्याने तोंड बंद ठेवण्याची सूचना चाळीस वर्षं मनात ठेवून पुराव्यांनिशी फिरवली, याचं मोल मला त्या मतभेदांहून मोठं वाटतं. पुस्तकाला तेलंगांचा बखरींवरचा लेख जोडलेला होता. तेलंग तोवर जाऊन सात वर्षं झाली होती. रानडेही १६ जानेवारी १९०१ ला गेले, आणि पुढचा भाग राहून गेला.

राहिलं होतं ते पेशव्यांचं दप्तर. ग्रँट डफला जे कागद विनाअडथळा मिळाले, ते मराठी अभ्यासकांना मात्र पुढची शंभर वर्षं सहजी पाहायला मिळाले नाहीत. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतून कागद गोळा करत फिरले ते यामुळेच. सरकारने अखेर दप्तर उघडलं, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. त्यानंतर वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास लिहायला घेतला. त्याचा पहिला खंड १९४६ मध्ये निघाला, ग्रँट डफच्या पुस्तकानंतर एकशेवीस वर्षांनी. तोही इंग्रजीत, तोही तीन खंडांत.